वहिनींचे न लिहिलेले रिपोर्ट

तीस वर्षं झाली, सकाळी नऊपासून मी लोकांची पोटं बघते. अंधारी खोली, एक पलंग, एक मशीन, भिंतीवर सरकारी पाटी, आणि माझ्या उजव्या खांद्यात कायमची कळ. सोनोग्राफीचा प्रोब दाबून दाबून त्या खांद्याचं पार वाटोळं झालं आहे. बाहेर बाकांवर बायका पाणी पिऊन बसलेल्या असतात, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी दार ढकलून म्हणते, "मैडम, अब नहीं रुकेगा!" मी आतून ओरडते, "रुकेगा, रुकेगा, दो मिनट!" मी चिडकी आहे हे आमच्या अख्ख्या फ्रीगंज भागाला माहीत आहे. तरी लोक येतात, कारण रिपोर्ट मी नीट लिहिते. खडा असेल तर किती मिलिमीटरचा, पाणी असेल तर किती सेंटिमीटर आणि नेमकं कुठे. आमच्या टायपिस्टबाईंना मी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की माझ्या रिपोर्टात 'थोडंसं', 'जरासं' असलं काही दिसलं तर कागद फाडून फेकीन. आकडा लिहायचा. डॉक्टरला आकडा लागतो.

आणि ज्या बाईनं मला तीस वर्षं डबा पाठवला, तिच्या पोटातलं पाणी मी तीनदा बघितलं आणि एकदाही लिहिलं नाही. हे सांगायचं कितीतरी दिवस टाळत होते. आता टाळायचाही कंटाळा आला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्न केलं नाही. दादाचं घर माझ्या सेंटरपासून दोन गल्ल्या सोडून आहे. दुपारी एक वाजला की दादा स्कूटरवरून डबा आणून देतो. तो बँकेत होता तेव्हा बँकेतला शिपाई आणायचा, आता रिटायर झाल्यापासून स्वतः आणतो. वहिनी मला अजून 'वन्सं' म्हणतात. पुण्याची भाचेसून पहिल्यांदा ते ऐकून खो खो हसली होती. म्हणाली, असं आता कोणी बोलत नाही. नसेल. आम्ही इकडे माळव्यात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की निम्मं हिंदी बोलतो, आणि जे मराठी उरलं ते येताना बरोबर आणलं तसंच राहिलं.

तर घरच्यांची एक रीत आहे माझ्याकडे. घरच्या माणसाला नंबर लागत नाही. मामेभावाचा मुतखडा असो, आत्याचं गर्भाशय असो, मागच्या दारानं यायचं, दीड ते दोनच्या मधे. तेव्हा बाहेरचे पेशंट थांबलेले असतात आणि मशीन मोकळं असतं. "बघ गं जरा," म्हणायचं आणि पलंगावर आडवं व्हायचं. मी बघते, तोंडानं सांगते, मग सगळे चहा पितो. रिपोर्ट कोणी मागत नाही आणि मीही देत नाही. एकदा एका चुलतबहिणीला टाइप केलेला कागद दिला, तर तोंड वाकडं करून म्हणाली, "अगं बाई, आम्हालाही कागद? इतके परके झालो का?" तेव्हापासून घरच्यांना कागद देणं बंद. आपल्या माणसाला कागद द्यायचा नसतो, तोंडानं सांगायचं असतं, असं मलाही मनापासून वाटायचं.

वहिनींच्या पित्ताशयात खडे आहेत हेही मी असंच दीड वाजता बघितलं. बरेच होते, आणि पिशवीची भिंत जाड झालेली. सर्जन माझा कॉलेजातला मित्र, इथेच त्याचं नर्सिंग होम. त्यानं फोनवर रिपोर्ट मागितला तर मी म्हटलं, "अरे, मी सांगतेय ना! कागद काय करतोस?" तो हसला, म्हणाला, "चल, तूने बोल दिया तो हो गया." बुधवारी ऑपरेशन झालं, दुर्बिणीनं, चार भोकं पाडून. बाहेर येऊन त्यानं टोपी काढली आणि सांगितलं, "फार चिकटलेलं होतं. वेळ लागला. पण निघालं सगळं." शुक्रवारी वहिनी घरी आल्या.

शनिवारी दुपारी दादा त्यांना ऑटोतून मागच्या दारी घेऊन आला. वहिनी पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, पोटाचं काही नाही, पण हा उजवा खांदा फार ठणकतो."

मी हसले. देवाशप्पथ, हसले. म्हटलं, "या माझ्या पंगतीला! माझा तीस वर्षं ठणकतोय, मला कोणी विचारलं?" त्याही हसल्या, आणि हसताना पोट धरलं. मग मी समजावलं, की दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, त्यानं चार दिवस खांदा दुखतो. ते खरंच आहे. पण यकृताखाली पित्त गळून साठत असेल तरी तोच खांदा दुखतो, आणि हेही मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. प्रोब ठेवला. पित्ताशय काढलं त्या जागी काळं दिसलं. मशीनवर पाणी काळं दिसतं. ऑपरेशननंतर तिथे पाणी असतंच. किती होतं? विचारू नका. मी मोजलं नाही. "थोडं पाणी आहे, जिरेल," म्हटलं आणि जेल पुसायला कागद दिला.

रविवारी डबा आला. चार दिवस मी मेसचं जेवत होते, आणि रविवारी दादा डबा घेऊन दारात उभा. पिठलं, दोन पोळ्या, लसणाची चटणी. मला इतकं बरं वाटलं! बाई उठून पिठलं करतेय म्हणजे बाई ठीक आहे, संपला विषय. तीस वर्षांच्या अनुभवाची सोनोलॉजिस्ट, आणि पेशंटची तब्येत पिठल्यावरून ठरवली. ते पिठलं त्यांनी ओट्याला कोपर टेकून, मधे दोनदा स्टुलावर बसून केलं होतं. दादा नको म्हणत होता तर म्हणाल्या, वन्सं चार दिवस मेसचं खाताहेत. हे मला खूप नंतर कळलं.

सोमवारी सवारी होती. आमचा श्रावण लागायला अजून वेळ होता, पण इथल्या लोकांचा पंधरा दिवस आधीच लागतो, त्यामुळे महाकालाच्या पालखीची सवारी सुरू झाली होती. सवारीच्या सोमवारी दुपारनंतर रस्ते बंद. गावाकडचे सगळे पेशंट सकाळीच येऊन धडकतात, आणि प्रत्येकाला रस्ता बंद व्हायच्या आत देवास गेटला बस गाठायची असते. तसल्या गर्दीत दादा वहिनींना मागून घेऊन आला. "पोट फुगल्यासारखं वाटतंय म्हणते," तो म्हणाला. मी आधीच्या पेशंटला उठवलं आणि वहिनींना झोपवलं. मशीनवर 'नवा पेशंट' असं एक बटण असतं. ते दाबलं की मशीन नाव विचारतं, वय विचारतं, मग फोटो आणि मापं त्या नावाखाली साठतात. मी ते बटण दाबलं नाही. तराण्याहून आलेल्या कोणा शेतकरीणबाईच्या पानावरच माझी वहिनी बघून घेतली. काळं होतं. शनिवारइतकंच वाटलं. वाटलं! शनिवारचं माप असतं तर वाटायची गरजच पडली नसती.

"तेवढंच आहे हो वहिनी. गॅस आहे. चालाफिरायला लागा."

"तुम्ही म्हणता तर असेल," वहिनी म्हणाल्या, आणि पदर सारखा करून उठल्या.

मित्राचा फोन आला तो नेमका तेव्हाच. "भाभी कैसी हैं? सोनोग्राफी में कुछ?" मी म्हटलं, "थोडं पाणी आहे, नेहमीसारखं." त्यानं विचारलं, "कितना?" मी पुढच्या पेशंटच्या पोटावर जेल टाकत म्हणाले, "अरे थोडंसं. काळजी नको." त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला. मी त्याच्या हातावर भरवसा ठेवून होते. आणि वहिनी आम्हा दोघांवर.

बुधवारी तिसऱ्यांदा. आता अंगात कणकण होती, जेवण जात नव्हतं. मी वैतागलेच होते. ऑपरेशन होऊन आठवडा झाला, आता काय? खोटं कशाला बोलू, मनात आलं की वहिनींना जरा लाड करून घ्यायचे आहेत. ज्या बाईनं तीस वर्षांत स्वतःसाठी एक ग्लास पाणी मागितलं नाही, तिच्याबद्दल माझ्या मनात हे आलं. अंधारात मशीनच्या उजेडात मी पडदाच बघत होते, तोंडाकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तरी त्या निळसर उजेडात काय दिसणार? "आहे अजून, जिरेल," म्हटलं. वहिनी मागच्या दारानं बाहेर अंगणात गेल्या, आणि मी हात धुवायला वळले.

बाहेरून दादाची हाक आली. दादा मला लहानपणापासून नावानं हाक मारत नाही, 'ए डॉक्टरीण' म्हणतो. तेव्हा नावानं मारली.

वहिनी तुळशीजवळ उन्हात उभ्या होत्या. डोळे पिवळे होते. हळदीच्या हातानं पुसल्यासारखे पिवळे. दादा माझ्याकडे बघत होता, मी वहिनींकडे, आणि वहिनी काही झालंच नाही अशा आमच्या दोघांकडे.

मी त्यांना हाताला धरून परत आत नेलं, दिवा लावला, आणि पहिल्यांदा मोजलं. यकृताखाली अकरा सेंटिमीटर. खाली ओटीपोटातही. आतड्यांच्या मधेमधे पाणी. दहा मिनिटांपूर्वी मी यालाच 'आहे अजून' म्हटलं होतं. तो अकराचा आकडा पडद्यावर पिवळ्या अक्षरांत लुकलुकत होता आणि मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणावर?

त्याच दुपारी इंदूरला नेलं. मोठं हॉस्पिटल, सीटी स्कॅनची खोली तळघरात. तिथला रेडिओलॉजिस्ट माझ्या भाच्याच्या वयाचा, चटपटीत, अदबशीर. वहिनी स्ट्रेचरवर होत्या, त्यांचा हात माझ्या हातात. त्यानं विचारलं, "मैडम, पुराने रिपोर्ट?"

"नहीं हैं."

"ऑपरेशन के बाद सोनोग्राफी नहीं हुई?"

"हुई है. तीन बार."

"कहाँ?"

"मेरे यहाँ."

त्यानं आवाज खाली आणला, "मैडम, पहले दिन कितना था? मतलब, किस रफ्तार से बढ़ रहा है, बस इतना बता दीजिए." योग्य प्रश्न होता. मीही हाच विचारला असता, आणि माहीत नाही म्हणणाऱ्याची दहा माणसांत हजामत केली असती. मी म्हटलं, "नहीं मालूम." वहिनींनी डोळे मिटलेले होते. हिंदी त्यांना माझ्याइतकंच येतं. त्यांच्या हाताची पकड तेवढी सैल झाली, की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

पुढचे दिवस मी सविस्तर सांगणार नाही, ताकद नाही. पोटात बारीक नळी घालून पित्त बाहेर काढलं. नळीला लावलेल्या पिशवीत हिरवट-पिवळं पाणी भरायचं आणि नर्स ते मोजून कागदावर लिहायची. दर चार तासांनी आकडा, तारीख, वेळ, सही. मी तो कागद बघत उभी राहायची. तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट बसवला. तरी इन्फेक्शन रक्तात गेलंच. आयसीयूत नऊ दिवस. किडन्या मंद झाल्या. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन मुलाला पुण्याहून बोलवायला सांगितलं. दादा बाकावर येऊन बसला आणि मला एकच म्हणाला, "तू रोज बघत होतीस ना गं?" रागानं नाही विचारलं. त्याला खरंच समजत नव्हतं.

मला भीती एकच होती. वहिनी यातून उठल्या नाहीत, तर माझ्याशी त्या शेवटचं मनापासून बोलल्या ते 'तुम्ही म्हणता तर असेल' हेच. आणि ते मला जन्मभर ऐकावं लागणार.

सर्जन मित्र दोनदा येऊन गेला. यकृतातून थेट येणारी एक बारीकशी नळी होती, चिकटलेल्या भागात दिसली नाही, तीच गळत होती. असं चांगल्या हातांकडूनही होतं. ते मला माहीत आहे, त्यालाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. पण कॅन्टीनमधे तो म्हणाला, "मैंने पूछा था तुझसे, कितना है." माझा भडका उडाला. सगळ्यांसमोर मी त्याला वाट्टेल ते बोलले. तू येऊन हात का नाही लावलास, तुझा पेशंट होता, फोनवर डॉक्टरकी करतोस? त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हाँ, आना चाहिए था." त्यानं कबूल केलं, आणि माझं भांडण तिथेच संपलं. गळती त्याच्या हातून झाली. पण ते चार दिवस माझे होते.

वहिनी उठल्या. दहाव्या दिवशी ताप उतरला, लघवी वाढली, आणि एका सकाळी त्यांनी दादाला विचारलं, घरचं दूध रोज कोण घेतंय. मी बाहेर जाऊन रडले, इतकी की सफाईवाल्या बाईनं मला खुर्ची आणून दिली.

घरी आल्यावर त्या कितीतरी आठवडे नुसत्या खाटेवर. बारा किलो उतरल्या होत्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी रोज संध्याकाळी जायची. त्या तशाच बोलायच्या, जशा नेहमी. शेजारणीच्या सुनेचं, महाकालाच्या नव्या कॉरिडॉरला लोटणाऱ्या गर्दीमुळे वाढलेल्या ऑटोवाल्यांच्या मिजाशीचं, पुण्याच्या नातीचं. एकदा मी धीर केला. "वहिनी, माझं चुकलं. मी मोजायला हवं होतं." त्या पेरू खात होत्या. "असू द्या हो," म्हणाल्या, आणि मला एक फोड दिली. मी ती खाल्ली. याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

स्टेंट काढल्यावर एक सोनोग्राफी करायची होती, सगळं कोरडं आहे ना ते बघायला. मी दादाला सांगितलं, "गुरुवारी दीड वाजता मागून घेऊन ये." आणि लगेच म्हटलं, "नाहीतर इंदूरलाच करा." तो म्हणाला, "हिला विचारतो."

गुरुवारी सकाळी अकरा-सव्वाअकरा झाले असतील. नेहमीची गर्दी. टायपिस्टबाईंनी बाहेर पुकारलं, "सत्रह नंबर!" पडदा सरकला आणि वहिनी आत आल्या. एका हातात आमचंच सतरा नंबरचं टोकन, दुसऱ्या हातात जाडजूड फाइल, इंदूरच्या सगळ्या कागदांची. पाणी पिऊन आलेल्या, चालताना अवघडलेल्या. दीड तास बाहेर त्या बाकावर बसल्या होत्या, खेड्यातल्या बायकांच्या मधे.

मी भडकलेच. "वहिनी! हे काय? बाहेर बसलात? मला निरोप नाही द्यायचा? मागचं दार काय बंद झालंय का तुम्हाला?"

त्या पलंगावर टेकल्या. चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "नाही वन्सं. मी नंबरानंच येते. नंबरानं आलेल्या माणसाचं तुम्ही लिहून ठेवता."

आवाजात कुठे धार नव्हती. त्या मला टोमणा मारायला आल्याच नव्हत्या, आपला जीव सांभाळायला आल्या होत्या. आणि तरीही माझ्याकडेच आल्या होत्या. मी 'नवा पेशंट' बटण दाबलं. मशीननं नाव विचारलं, मी टाइप केलं. मशीननं वय विचारलं. माझी बोटं थांबली. तीस वर्षं त्यांच्या हातचं जेवले, आणि मला त्यांचं वय नक्की माहीत नव्हतं.

"वहिनी, वय?"

"अडुसष्ट."

मी टाकलं. मग सावकाश बघितलं, उजवीकडून, डावीकडून, कुशीवर वळवून, ओटीपोटात. कुठेही पाणी नव्हतं. पित्ताची नळी मोजली, पाच मिलिमीटर. प्रत्येक फोटो साठवला. टायपिस्टबाईंना आत बोलावून एकेक शब्द सांगितला, आणि कागद आल्यावर सही करायच्या आधी दोनदा वाचला. वहिनींनी तो दाराजवळच्या उजेडात धरून वाचला, आकड्यांवर बोट फिरवलं, आणि फाइलमधे सगळ्यात वर लावला.

"याची एक कॉपी तुमच्याकडेही राहते ना?" त्यांनी विचारलं.

"राहते."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि बाहेर अठरा नंबरची बाई दार ढकलत होती म्हणून चप्पल घालून लगबगीनं उठल्या.